कोकरेबाईंचा तांबडा दोरा

"फाटकं देऊ नका. फाटकं आमच्याकडं आहे."

बारामतीतल्या तीस-चाळीस घरांतल्या बायकांना हे वाक्य पाठ झाले होते. वार्षिक परीक्षा संपली की कोकरेबाई त्यांच्या दारात उभ्या राहत. डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला आणि हातात साखरेच्या पोत्याची शिवलेली पिशवी. मुलांचे आखूड झालेले शाळेचे गणवेश त्या मागायला येत. जुने कपडे मागणारी बाई थोडी ओशाळलेली असावी, अशी देणाऱ्याची अपेक्षा असते. कोकरेबाई शर्ट उजेडाकडे धरून काखेतली शिवण बघत, कॉलर उलटी करत, आणि पसंत पडला नाही तर परत देत. "हा राहू द्या. फरशी पुसायला बरा आहे."

एका वकिलाच्या बायकोने माझ्याकडे तक्रार केली होती, "अहो, तुमच्या त्या बाई कपडे न्यायला येतात की मुलगी बघायला?"

मी तक्रार पोहोचवली. बाई म्हणाल्या, "मुलगी बघताना इतकं बघत नाहीत. बघितलं असतं तर पुष्कळ संसार वाचले असते."

सणसरजवळच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही सहा वर्षे बरोबर होतो. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. सातवीपर्यंतचे वर्ग आणि खोल्या चार, त्यामुळे दोन वर्ग कायम लिंबाखाली. मी बारामतीहून एसटीने येई. बाई सांगवीहून बारामतीला आणि तिथून दुसऱ्या गाडीने सणसरला येत. म्हणजे माझ्या दुप्पट प्रवास करून त्या माझ्या आधी शाळेत असत. हे कसे जमते, ते मी कधी विचारले नाही. उत्तर मला गैरसोयीचे झाले असते.

बाई धनगराच्या. वडिलांची दीडशे मेंढरे होती आणि त्या स्वतः चौथीपर्यंत कळपामागे फिरत तीन शाळा बदलून शिकल्या होत्या. त्याबद्दल त्या कधी भाषण करत नसत. शिक्षकदिनाला बोलायचा आग्रह झाला, तेव्हा उभ्या राहून म्हणाल्या, "पोरं उन्हात बसली आहेत," आणि खाली बसल्या. त्या शाळेत मी ऐकलेले हे सर्वांत चांगले भाषण.

पण मेंढरे त्यांच्या नजरेत राहिली होती. पोराला कुठला गणवेश होईल हे बघायला त्या टेप लावत नसत. "टेप लावला की पोराला कळतं, आणि त्याच्या शेजारच्याला आधी कळतं." प्रार्थनेच्या वेळी मुले डोळे मिटून उभी असत, तेव्हा बाई रांगेवरून नजर फिरवत आणि माझ्या कानाशी पुटपुटत, "तिसऱ्या रांगेतला दुसरा. छाती अठ्ठावीस. बाही दोन बोटं कमी करावी लागंल." दुपारच्या सुट्टीत त्या सुई-दोरा घेऊन बसत. चड्डीला खाली तीन दुमडी घालत, दरवर्षी एक सोडायची. सोडलेल्या दुमडीची फिकट रेघ चड्डीवर राही. वाडीतल्या सगळ्याच पोरांच्या चड्ड्यांवर अशा रेघा असत, त्यामुळे त्याची कुणाला लाज नव्हती. लाज वेगळ्याच गोष्टींची असते आणि ती नेमकी कशाची, हे ओळखणे हेच बाईंचे खरे काम होते.

मला पूर्वी वाटे, गणवेश ही तशी बिनमहत्त्वाची बाब. आमच्या शाळेत गणवेश नसला म्हणून कुणाला हाकलत नव्हते. बाईंनी मला एकदा वर्गात उभे करून दाखवले. "तो भिंतीकडचा बघा. जूनमध्ये दुसऱ्या रांगेत होता. दिवाळीला मागं गेला. आता दाराशी बसतोय. पोरगं शाळा सोडत नाही, गुरुजी. ते सरकत जातं."

महिनाभराने तो दाराबाहेर होता आणि पुढे उसाच्या सरीत. त्यानंतर मी गणवेशाला बिनमहत्त्वाची बाब म्हणणे सोडले. दुपारी सुईत दोरा ओवून देण्याचे काम माझ्याकडे आले, कारण बाईंना चाळिशी लागली होती आणि चष्मा मात्र लावायचा नव्हता.

त्यांचा एक नियम होता: ज्या गावचा कपडा, त्या गावात तो जाता कामा नये. याला कारण घडले होते. पहिल्या वर्षी त्यांनी वाडीतल्याच बागायतदारांच्या घरून शर्ट गोळा करून वाडीतल्याच पोरांना दिले. आठ दिवसांनी भर वर्गात एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "त्यो शर्ट माझा हाय. खिशावरचा शाईचा डाग बग, माझ्याच पेनाचा हाय." दुसऱ्याने गुंड्या सोडल्या, शर्ट घडी करून त्याच्यापुढे ठेवला आणि उघड्या अंगाने घरी गेला. तो त्या वर्षी परत आला नाही. बाई दोनदा त्याच्या घरी जाऊन आल्या. तो बाजेखाली लपून बसे.

तेव्हापासून त्या प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीत रंगीत दोऱ्याचे चार टाके घालत. बारामतीचा तांबडा, सांगवीचा पिवळा, सोमेश्वरनगरच्या कारखान्याच्या वसाहतीतून आलेला हिरवा. कळपातली मेंढरे कुणाची हे कळावे म्हणून धनगर कानाला खूण करतात, त्यातलाच हा प्रकार. तांबड्या दोऱ्याचा कपडा सणसरकडे, इकडचा कपडा सांगवीकडे. दोन तालुक्यांत पोरांचे शर्ट इकडून तिकडे चालले होते आणि कुणाला पत्ता नव्हता. सरकारी योजनांपेक्षा ही योजना बरी चालली होती, कारण तिला नाव नव्हते.

आता सारिकाविषयी सांगितले पाहिजे. सारिका बिरा मदने सातवीत पहिली आली. हुशार मुलगी असे आपण सहज म्हणतो. हिच्याबाबतीत अडचण अशी, की ती माझ्या गणिताच्या चुका काढी, तेही हळू आवाजात, म्हणजे जास्तच लागे. आठवीसाठी चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात जायचे होते आणि तिथला नियम सरळ होता: गणवेश नाही तर वर्गात बसणे नाही. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट. बाप बिराबा, घरी पस्तीसेक मेंढरे, आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला. सारिका हायस्कूलला गेली नाही तर जूनपासून आईबरोबर खुरपायला जाणार आणि वर्षा-दोन वर्षांत सोयरीक होणार, हे सगळ्यांना माहीत होते. तिलाही. सोयरिकीचा पाहुणा एकदा येऊनही गेला होता.

बाईंनी तिच्यासाठी बारामतीहून स्कर्ट आणि शर्ट एप्रिलमध्येच निवडून ठेवले होते. सगळे नीट चालले होते. एवढ्यात दानशूर मंडळी आली.

आमच्या भागात रस्त्यांची कंत्राटे घेणारे एक गृहस्थ होते. त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांनी केलेला रस्ता दोन पावसाळे टिकत नसे, पण भाषण तेवढे नक्की टिके. त्यांना समाजसेवेचा नवा छंद लागला होता. एक मेला, निकालाच्या दिवशी, एक्कावन्न गरजू विद्यार्थ्यांना गणवेशवाटप करायचे ठरले. मांडव, कर्णे, फोटोग्राफर. गणवेश आठ दिवस आधी गठ्ठ्याने आले. शिलाई स्वस्त पडावी म्हणून सगळे एकाच मापाचे होते. दात्याच्या मनात गरीब मूल एकच असते.

बाईंनी गठ्ठा उघडून बघितला. "उसवून होतील," म्हणाल्या. मग स्वतःच केलेली यादी बघितली आणि म्हणाल्या, "पण ही पोरं मांडवात हात पुढं करणार नाहीत."

"मग कोण करणार?" मी विचारले.

"ज्याला लाज वाटत नाही त्यानं उभं राहायचं. ज्याला वाटते त्यानं घालायचं."

त्यांनी सरपंचांचा मुलगा, तलाठ्याची मुलगी, सोसायटीच्या चेअरमनचे दोन नातू आणि आमच्या एका सहकाऱ्याची जुळी अशी खात्यापित्या घरची पोरे निवडली आणि प्रत्येकाला आठ-नऊ नावे वाटून दिली. कर्ण्यातून नाव आले की त्याने जायचे, पुडा घ्यायचा, मांडवामागून बाईंकडे आणून द्यायचा आणि टोपी बदलून पुन्हा रांगेत. पोरांना हे काम फार आवडले. मुख्याध्यापकांना काही कळले नाही, कारण ते हार मोजत होते.

कार्यक्रम सुरू झाला. यादी पहिलीपासून होती. 'गणपत मारुती लोखंडे' या नावाला सरपंचांचा मुलगा उठला. तो चांगला भरलेला पोरगा होता. भाऊसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माइकवरून विचारले, "बाळ, दोन वेळचं जेवण मिळतं का?"

"न्हाय," पोरगा म्हणाला. "चार येळंचं मिळतं."

मांडव हसला. भाऊसाहेबांना वाटले, लेकरू गरिबीतही विनोद करते. ते गहिवरले. फोटो निघाला. खाली बसलेल्या बायाबापड्यांना सगळे समजले होते आणि त्या पदरात तोंड घालून बसल्या होत्या. तोच पोरगा 'रेश्मा कासम शेख' या नावालाही उठायला लागला, तेव्हा मी त्याला ओढून खाली बसवले. त्या दिवशीची माझी सेवा एवढीच.

सातवी शेवटी आली. "सारिका बिरा मदने." ठरल्याप्रमाणे तलाठ्याची मुलगी उठली आणि चालू लागली.

मांडवाच्या शेवटच्या खांबाशी पटका बांधलेला एक माणूस उभा राहिला. बिराबा लेकीचा निकाल ऐकायला आला होता. सारिका त्याच्या शेजारीच बसली होती. बाईंनी बेत पोरांना सांगितला होता, बापांना नाही.

"ए माइकवाल्या," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण रानात वापरलेला होता, सगळीकडे गेला. "त्ये नाव खोड."

माइकवाला गोंधळला. बिराबाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला उठवले आणि दोघे मांडवाबाहेर गेले. मंचावर भाऊसाहेब तलाठ्याच्या मुलीला पुडा देत होते, आणि फोटोग्राफरने तेवढ्यात तोही फोटो काढला.

खरे म्हणजे तो गणवेश सारिकाला होणारच नव्हता. तो जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला उसवून द्यावा म्हणून बाईंनी तिचे नाव यादीत घातले होते. हे मला त्यांनी नंतर सांगितले आणि म्हणाल्या, "काटकसर केली मी."

मे सरत आला तरी सारिकाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला कुणी आले नाही. दाखल्याशिवाय हायस्कुलात प्रवेश नाही. बाई रोज कपाट उघडून दाखला जागेवर आहे का ते बघत. शेवटी एका सकाळी आम्ही दोघे कालव्याकडेला बिराबाच्या खोपीवर गेलो. तो चालता चालता लोकर कातत होता. बसा म्हणाला, पाणी दिले, कातणे थांबवले नाही.

"बिराबा, चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "पण पोरगी चढली नव्हती वर. दुसरीच चढली."

"म्या बगितलं की. तलाठ्याची हुती." त्याने धागा ओढला. "पन नाव कुनाचं घेतलं? तीन वाड्यांनी आयकलं कर्ण्यातनं. नाव तर माझंच हुतं न्हवं?"

बाईंनी पिशवी उचलली. त्यांनी मंचावरची लाज वाचवली होती आणि नावाची विसरल्या होत्या. परत निघालो तेव्हा सारिकाची आई रस्त्यापर्यंत मागे आली आणि बाईंच्या पिशवीतला स्कर्ट पदराखाली घेऊन गेली. बाईंना जरा बरे वाटले. मला वाटले नाही. मी बिराबाचे कातणे बघितले होते.

चौथ्या दिवशी तो शाळेत आला. सुट्टी चालू होती. बाई आणि मी जनगणनेसारख्याच कुठल्याशा सरकारी तक्त्यात गुंतलो होतो. त्याने घोंगडीच्या घडीतून स्कर्ट काढून टेबलावर ठेवला आणि कमरेची पट्टी उलटी केली. आत चार तांबडे टाके.

"बाई, ही खून कुनाची?"

बाईंनी टाक्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "बारामतीची."

"मंजी दुसऱ्याच्या कळपातलं. दुसऱ्याच्या खुनंचं मेंढरू आपल्यात घुसलं तर काय करायचं आस्तं? तुमीबी आमच्यातल्याच हाय, म्हनून इचारतू."

"हाकून परत लावून द्यायचं."

"मंग?"

सहा वर्षांत बाई अशा अडकलेल्या मी दुसऱ्यांदा बघत होतो, आणि दोन्ही वेळा अडकवणारा एकच. सगळ्या जातींच्या घरांत मिळून शंभर कपडे गेले असतील. आतला दोरा कुणी बघितला नव्हता, बघितला तरी शिंप्याचा म्हणून सोडला असता. खूण वाचणारा माणूस एकच निघाला, आणि खूण घालायची अक्कल बाईंना त्याच्याच लोकांनी शिकवली होती.

बाईंनी तक्ता बाजूला सारला. बोलल्या तेव्हा शाळेतली भाषा गेली होती.

"आन् इकत घेतलं तर?"

"मंग खून बदलायची."

"मग घ्या इकत."

"पैका न्हाय."

"पैका कोन मागतंय? सांगवीला आमचं दीड एकर मोकळं पडलंय. मेंढरं आणून बसवा. तीन राती."

रानात रात्रभर मेंढरे बसली की लेंडीखत होते, त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य देतात. हा रोजचा व्यवहार होता. त्यात उपकार कुणाचाच नसतो. बिराबाने स्कर्ट हातात घेतला, कापड चुरगाळून बघितले, शिवण ओढून बघितली. अगदी बाई बारामतीत बघत तसे.

"ह्या एवढ्या परकरापायी तीन राती? लई हुत्यात. दोन."

"शर्टबी हाय."

"त्यो कुठाय?"

"घरी. इस्त्री करायचाय."

"न बगता कसा सौदा करनार? आडीच राती."

"अर्ध्या राती मेंढरं उठवून कुठं जानार, बिराबा? माझ्या नवऱ्याच्या खाटंखाली?"

बिराबा हसला नाही, पण मिशी हलली. "बरं, तीन. पन भाकरी तुमची. आन् कुत्र्याचीबी."

"कुत्री किती?"

"दोन."

"एकाची देईन."

तो बसून विचार करू लागला. मी तक्त्यात मान घालून बसलो. एका हुशार मुलीचे पुढचे आयुष्य दुसऱ्या कुत्र्याच्या भाकरीपाशी अडले होते आणि दोघांपैकी कुणीही घाई करत नव्हते. घाई केली असती तर ते पुन्हा दान झाले असते, हे मला बऱ्याच उशिरा समजले.

"दोनीची," शेवटी बाई म्हणाल्या. "पन चतकोर चतकोर."

बिराबाने मान हलवली. सुई मागितली, तांबडे टाके उसवले आणि स्वतःच्या काळ्या लोकरीच्या धाग्याने, पोते शिवावे तसे चार टाके घातले.

"जाड झालंय," बाई म्हणाल्या. "पोरीला टोचंल."

"टोचू द्या. आपलं हाय." मग उठता उठता म्हणाला, "त्यो दाखला द्या."

मेंढरे सांगवीला गेली. बाईंचे यजमान मला बारामतीच्या स्टँडवर भेटले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, परकराला पस्तीस मेंढरं आली. हिनं उद्या दप्तर दिलं तर हत्ती येतील. जरा समजावा." त्यांच्या बोलण्यात तक्रार कमी आणि खताचा आनंद जास्त होता.

इकडे पेपरात फोटो छापून आला: 'गरजू विद्यार्थ्यास गणवेश देताना भाऊसाहेब.' गरजू विद्यार्थी म्हणजे सरपंचांचा मुलगा. सरपंचांच्या सोयऱ्यांनी फोन करून विचारले, काय हो, ऊस जळाला काय? प्रकरण वर गेले. शासकीय कार्यक्रमात तोतया विद्यार्थी उभे करून मान्यवरांची फसवणूक केल्याबद्दल बाईंना खुलासा मागितला गेला. त्यांनी तीन ओळींत दिला. मसुदा मीच सुवाच्य अक्षरात लिहून काढला, म्हणून अजून आठवतो: 'मुलांनी कार्यक्रमात दुसऱ्याचे काम केले. स्नेहसंमेलनात मुले राजाचे काम करतात, त्याबद्दल आजवर खुलासा मागितलेला नाही. गणवेश योग्य मुलांस पोहोचले आहेत, मापे दुरुस्त करून.'

शेवटचे तीन शब्द गाळा, असे मी सुचवले होते. गाळले नाहीत. जुलैत बाईंची इंदापूरच्या पलीकडे बदली झाली. सांगवीहून दोन वेळा गाडी बदलून अडीच तास. बाई म्हणाल्या, "बरं झालं. तिकडं माझा एकही दोरा पोहोचला नव्हता."

त्यानंतर आमची गाठ सकाळच्या इंदापूर गाडीत पडे, मी सणसरला उतरेपर्यंत. पुढे माझीही बदली झाली आणि तेही थांबले. शेवटची भेट ऑगस्टमधली. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीवर चड्डी, चड्डीत सुई. गाडीच्या धक्क्यांचा अंदाज घेत टाके चालले होते. सणसरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने हायस्कूलच्या मुली चालल्या होत्या. निळे स्कर्ट, पांढरे शर्ट, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात.

"बाई, ती बघा सारिका," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. "किती जणी आहेत?"

"सात-आठ."

सुई थांबली. "मग तुम्हाला कशी ओळखू आली?" त्यांच्या आवाजात भीती होती. मी ती त्याआधी कधी ऐकली नव्हती, खुलाशाच्या वेळीही नाही. "कपड्यावरून?"

मी पुन्हा बाहेर बघितले. सगळ्या सारख्या दिसत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "मागं वळून हसली, तेव्हा."

"असं होय," म्हणून बाईंनी दोरा दाताने तोडला. माझा थांबा आला होता.